पडदेवालीचं पुरं वाक्य

सकाळी मशीनवर बसलं की सासूबाई आधी एका चिंधीवर शिलाई मारून बघत. कापड कितीही साधं असो, गिऱ्हाईक दारात कितीही पाय आपटत उभं असो, पहिली शिलाई चिंधीवरच. टाका वरून बघायचा, चिंधी उलटी करून खालून बघायचा, दोरा ओढून पाहायचा, आणि मगच मांडीवरचा पडदा सुईखाली घ्यायचा. गल्लीत त्यांना सगळे पडदेवाली म्हणत, कारण उभ्या जन्मात त्यांनी दुसरं काही शिवलं नव्हतं. कुणी पोराची पँट घेऊन आलंच तर त्या हात जोडत. म्हणत, माणसं हलतात, वाढतात, जाड होतात. पडदे बिचारे जागेवर असतात, मला तेच झेपतं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे ठाण आणि मधोमध एक लांबलचक टेबल. त्याच टेबलावर कापड बेतायचं आणि त्याच टेबलावर जेवायचं. ताटं मांडण्याआधी तेवढी कात्री, टेप नि खडू उचलायचा. या घरात सून आली ती परक्या देशातून. मुलगा मालवाहू जहाजावर कामाला होता. तिकडच्या एका बंदरात दोघांची ओळख झाली, लग्न झालं, आणि तिला आईच्या हवाली करून तो पुन्हा समुद्रावर गेला. नवराबायको आपसांत तिसऱ्याच एका भाषेत बोलत. ती सासूबाईंना येत नव्हती, आणि सासूबाईंची भाषा सुनेला येत नव्हती. टेबलाच्या दोन टोकांना दोघी बसत आणि एकमेकींकडे बघून हसत. हसून हसून गाल दुखले तरी त्याने पोट भरत नाही.

सून तिकडे बाळंतपणं करणारी नर्स होती, आणि कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथल्या हॉस्पिटलने तिचं शिक्षण मान्य केलं, पण एक तोंडी परीक्षा ठेवली: बाळंतिणीशी तिच्या भाषेत बोलून दाखवायचं. दोनदा बसायची मुभा होती. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर सगळं शिक्षण पुन्हा पहिल्या वर्षापासून करायचं. तेवढं बळ आपल्यात उरलेलं नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं. बाळांची डोकी अलगद झेलणारे हात आता पडद्यांना हूक लावत होते.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी तिच्याशी सरळ बोलून पाहिलं. हात धुऊन घे, मग आपण जेवायला बसू, एवढंच म्हणाल्या. तर पोरीचा चेहरा असा झाला, जणू कुणी तोंडावर दार लावून घेतलं. सासूबाईंनी वाक्य उसवलं, शब्दांच्या शेपट्या छाटल्या आणि नुसते शब्द तिच्यापुढे ठेवले: तू, हात, धुणे. सुनेने ते उचलले आणि आपल्या भाषेच्या वळणाने लावून परत दिले, मी धुणे हात. सासूबाईंनी मान डोलावली. चुकतंय म्हणून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. त्याही तसंच बोलू लागल्या. तू बसणे खुर्ची. मी देणे चहा. पोरगी खुदकन हसली, म्हातारीचा जीव भांड्यात पडला, आणि त्या घरात एक नवी भाषा जन्माला आली.

ती साथीसारखी पसरली. दोन गल्ल्या सोडून केस कापायचं दुकान चालवणारी नणंद, जिच्या जिभेला मुळातच हाड नव्हतं, ती ऐटीत म्हणायची, वहिनी, तू येणे दुकान, मी कापणे केस. कोपऱ्यावरचा पाववाला लांबूनच सांगायचा, ताई, पाव संपणे, उद्या येणे. सगळे मायेने करत. सुनेलाही वाटलं, आपण भराभर शिकतो आहोत. चारचौघांत ती न अडखळता बोलायची आणि लोक न अडखळता उत्तर द्यायचे. एकदा तर जहाजावरून फोन आला तेव्हा मुलगा आईलाच म्हणाला, आई, मी जेवणे झालं. त्यावर सासूबाईंनी विचारलं, तुला काय धाड भरली, तू तर इथेच जन्मलास ना.

परीक्षेच्या दिवशी सून आत्मविश्वासाने गेली. हॉस्पिटलची हेडनर्स स्वतः बाळंतीण होऊन खाटेवर आडवी झाली. सून जवळ गेली, तिच्या मनगटावर हात ठेवला आणि बोलू लागली. तू घाबरणे नाही. मी बघणे पोट. दुखणे कधी सुरू? हेडनर्स ऐकत राहिली आणि मग हळूच उठून बसली. ती हसली नाही, हे सून पुढे प्रत्येक वेळी आवर्जून सांगायची. तिने फक्त विचारलं की ही भाषा तू कुठे शिकलीस, आणि सून अभिमानाने म्हणाली, घरी.

"तुझे हात मला पसंत आहेत," हेडनर्स म्हणाली. "पण कळा देणारी बाई आधीच घाबरलेली असते. तुझे शब्द जुळवत बसायला तिला सवड नसते."

घरी आल्यावर सुनेने झालेलं सगळं सांगितलं, त्याच मोडक्या भाषेत, आणि ती मोडकी आहे हे आता कळल्यामुळे अधिकच मोडत. सासूबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या आणि मशीनवरच्या छोट्या उशीला टोचल्या. नणंद तिथेच होती. ती हॉस्पिटलच्या नावाने बोटं मोडू लागली. सासूबाईंनी तिला थांबवलं.

"त्यांचं काही चुकलेलं नाही. हिचंही नाही," त्या म्हणाल्या. "आपण हिला चिंध्या दिल्या आणि म्हणालो, हा घे पडदा."

त्या दिवसापासून घरात मोडकं बोलायला बंदी झाली. सासूबाईंचा कायदा म्हणजे कायदा. पाववाल्यालाही निरोप गेला. नणंदेची जीभ घसरली की तिला टेबलाखालून पाय लागायचा. आणि सुनेभोवती एकाएकी शब्दांचा पूर आला. कालपर्यंत जी माणसं तिला कळत होती, ती आज कळेनाशी झाली. जेवताना मायलेकी भराभर बोलत, आणि ती ताटाकडे बघत घास गिळायची. आपण नापास झालो म्हणून या रुसल्या, असं तिने मनाशी धरलं. एका दुपारी हूक लावता लावता तिने पडदा खाली ठेवला.

"आई, तू राग," ती म्हणाली. "तू बोलणे मला नाही. तू बोलणे भिंत."

सासूबाईंना समजावून सांगायचं होतं. पण सांगायचं तरी कुठल्या भाषेत? पुरं बोलावं तर तिला कळणार नाही, आणि तिला कळेल असं बोलावं तर पुन्हा तेच. त्यांनी मशीनचं चाक थांबवलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, तिच्या ओठांकडे बोट दाखवलं आणि जवळ खुर्ची ओढली. तुझी भाषा मला शिकव, असं त्यांचं म्हणणं होतं.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्यांची मापं घेणारी बाई साठी उलटल्यावर विद्यार्थीण झाली. सुनेच्या भाषेत खुर्चीला ना तो ना ती, सगळ्या वस्तूंना एकच माप. सासूबाईंना ते फार आवडलं. म्हणाल्या, बरं केलं तुमच्या लोकांनी, आमच्याकडे पलंग बाप्या आणि खुर्ची बाई कुणी ठरवलं देव जाणे. पण पुढे गाडी अडली. त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिवते, जाते असा कामाचा शब्द शेवटी येतो, घरच्या बाईसारखा, सगळ्यांना वाढून झालं की मग टेकणारा. सुनेच्या भाषेत तो पाहुण्यांच्या मधोमध पाट मांडून बसतो. शिवाय तिथे शब्दांना शेपट्या नाहीत. कोणी केलं आणि कुणाला केलं हे ज्याच्या त्याच्या जागेवरून ओळखायचं. कामाच्या अलीकडे बसला तो करणारा. जागा बदलली की चोर तो शिपाई आणि शिपाई तो चोर.

थोडं जमायला लागल्यावर सासूबाईंनी हौसेने फोनवर विहिणीला सांगितलं की मी पडदे शिवते. फोनच्या पडद्यावर विहीणबाई हसून हसून दिसेनाशा झाल्या. सासूबाईंनी सांगितलं होतं, पडदे मला शिवतात. सुनेने हसता हसता डोळे पुसले. मग तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, एकेक शब्द हाताने टेबलावर ठेवल्यासारखं, सावकाश, कुठेही न तोडता. सासूबाईंनी म्हटलं. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा वाक्य सरळ उभं राहिलं.

आणि सासूबाईंच्या एकदम लक्षात आलं. या पोरीने आपल्यासाठी तिची भाषा एकदाही मोडली नव्हती. ती हळू बोलली, दहादा बोलली, पण बोलली पुरं. आपण आधी तिला तुकडे भरवले आणि मग धबधब्याखाली उभं केलं. या दोहोंच्या मधली वाट आपल्याला दिसलीच नाही. तिथेच त्यांनी ठरवलं, आता आपणही हळू बोलायचं, पण पुरं बोलायचं.

मग खरी शिकवणी सुरू झाली. तिला वेळकाळ नव्हता. पडद्याला हूक लावताना त्या म्हणत, मी पडद्याला हूक लावते. सून म्हणे, मी पडदा हूक लावते. सासूबाई हूक न लावलेला पडदा दांडीवर टाकत, तो घसरून खाली पडे. मग त्या पडद्याच्या कडेवर बोट ठेवून 'ला' म्हणत. हुकाशिवाय पडदा दांडीला धरत नाही आणि 'ला'शिवाय शब्द वाक्याला धरत नाही, हे सुनेच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. हूक असला की पडदा दांडीवर कुठेही सरकवा, तो पडदाच राहतो. तिच्या भाषेत जे जागा करते, ते इथे हूक करतो. हे कळलं त्या दिवशी तिने घरभर शब्दांच्या जागा बदलून वाक्यं म्हणून पाहिली. पावाला मी लोणी लावते. लोणी मी पावाला लावते. लावते मी पावाला लोणी. नणंद म्हणाली, वहिनी, आता ते खाऊन टाक, नाहीतर वितळेल.

कामाचा शब्द मात्र तिला सारखा दगा द्यायचा. तो मीसाठी वेगळा, तिच्यासाठी वेगळा, काल वेगळा आणि उद्या आणखीनच वेगळा. ती चुकली की सासूबाई चूक म्हणत नसत. तेच वाक्य नीट करून, सहज उत्तर दिल्यासारखं परत देत. मी काल बाजार गेला, असं ती म्हणाली की त्या विचारत, अस्सं, तू काल बाजारात गेलीस? मग ती म्हणे, हो, मी काल बाजारात गेले. उसवणं आणि शिवणं असं बोलता बोलता चालायचं, आणि कुणाला टोचायचं नाही.

दुसऱ्या परीक्षेला हेडनर्स पुन्हा खाटेवर आडवी झाली. सुनेने तिच्या मनगटावर हात ठेवला. मनातली वाक्यं कुठच्या कुठे पळाली. मग ती सासूबाई बोलायच्या तशी सावकाश बोलली.

"घाबरू नका, मी इथेच आहे. पुन्हा दुखायला लागलं की माझा हात धरा आणि मला सांगा."

पुढे ती उशीला तो म्हणाली आणि चादरीला ते. हेडनर्स उठून बसली आणि म्हणाली की उशी काही रागवायची नाही. कामावर कधी येशील, हेही तिने तिथेच विचारलं.

घरी नणंदेने गल्लीभर बोभाटा केला. सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या की आता माझे हूक कोण लावणार, आणि तोंड फिरवून मशीन चालवू लागल्या. शिलाई वाकडी गेली. ती त्यांनी उसवली नाही.

एकच गोष्ट त्यांना रुचली नाही. हॉस्पिटलात सगळ्यांना तुम्ही म्हणायची सवय लागल्यावर सून घरीही म्हणाली, आई, तुम्ही चहा घेता का? त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, ते हॉस्पिटलात ठेव. मला तू म्हण. तुम्ही म्हटलंस की दारात गिऱ्हाईक आलं असं वाटतं. त्या मोडक्या भाषेतली तेवढी एक गोष्ट घरात शेवटपर्यंत राहिली, आणि सुनेला ती जपावीशी वाटली. ती भाषा चुकीची होती, पण परक्या घरात पहिलं पाऊल तिने त्याच भाषेत टाकलं होतं. त्याचे उपकार तिने कधी नाकारले नाहीत.

सून अनेक वर्षं त्या हॉस्पिटलात राहिली. दूरदेशीच्या घाबरलेल्या बायका आल्या की इतर नर्सा हातवारे करत, तुकड्यांत बोलत. ही खुर्ची ओढून बसायची आणि हळू, पण पुरं बोलायची. हे कुठे शिकलीस असं कुणी विचारलं, तर तिचं उत्तर अजूनही एकच होतं. घरी.

सासूबाई गेल्या त्या अचानक, दुपारच्या झोपेतच. त्या सकाळी सून नेहमीसारखी कामावर निघाली होती, उशीर झाला होता, एक हात बाहीत आणि एक बाहेर. सासूबाई मशीनवर होत्या. तिथूनच त्या एक वाक्य बोलल्या. बोलताना वर पाहिलं नाही, वेग कमी केला नाही, शब्द निवडले नाहीत. आणि सुनेलाही ते ऐकताना काही जुळवावं लागलं नाही, ते ऐकलं आहे हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही. पुढे मात्र ती ते कितीदा तरी आठवायची. या घराने आपल्याला काय दिलं ते मोजायचं झालं, तर तिला ते एक वाक्य पुरे व्हायचं.

"जाताना दार जरा जोरात ओढून घे, परवापासून फुगलंय ते, नीट लागत नाही, आणि येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ दिसलं तर आण, नाही दिसलं तर राहू दे, उद्या मीच जाईन."