आवडाबाईचा आघाडा

समजा, तुम्हाला आघाड्याचं मूळ काढायचं आहे. नुसतं उपटून चालत नाही. आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं, हळदकुंकू वाहायचं, अक्षता ठेवायच्या आणि सांगायचं, ‘उद्या न्यायला येते.’ सकाळी कुणाशी न बोलता ते काढायचं. लोखंड लावायचं नाही. अडलेल्या बाईच्या केसांत ते बांधलं की सुटका होते, आणि मूल बाहेर येताच सोडायचं, असं शहाडची सुईण आवडाबाई सांगे.

तिची स्वतःची मुलगी मालन मात्र अडली आणि गेली. तेव्हा आवडाबाई कल्याणला वखारवाल्या हरिहरशेटच्या घरी होती. त्यांच्या सुनेचं बाळंतपण झालेलं. पाचवी पुजेपर्यंत सुईणीने उंबरा ओलांडायचा नाही, असा त्या घरचा दंडक. पाचवीच्या सकाळी शेजारचा धाकू धावत निरोप घेऊन गेला. दार बंद होतं. आतून दबक्या आवाजात ‘बरं, सांगू’ एवढंच ऐकू आलं. मागच्या खोलीतल्या आवडाबाईला कुणी काही सांगितलं नाही.

दोन पावसाळे गेले. पेंढा उचलताना हरिहरशेटला विंचू चावला. त्यांची बायको गंगुबाई भर दुपारी शहाडला आली.

“आवडाबाई, चल गं! हात काळानिळा पडलाय.”

“मूळ लागेल,” आवडाबाई धान्य पाखडता पाखडता म्हणाली. “आज आमंत्रण, उद्या मूळ.”

“अगं, तोवर माणूस राहील का?”

“माझी मालन राहिली का?”

विंचवाला नुसता पाला वाटून लावला तरी चालतो, हे आवडाबाईला ठाऊक होतं. कुंपणाला आघाडा माजला होता. गंगुबाईच्या लुगड्याला त्याची कुसळं चिकटलेली होती. ती ओसरीवर रडत बसली आणि आवडाबाई सूप हलवत राहिली. त्या दुपारी तिला जेवण गोड लागलं, असं ती पुढे उघड सांगायची.

सकाळी ती मूळ घेऊन गेली. शेट खाटेवर तळमळत होते.

“लाव ना गं, काय बघतेस?”

“आधी बोला. सुनेच्या पाचवीला धाकूचा निरोप का दाबलात?”

“कसला निरोप?”

“आठवत नाही? मग मलाही आठवत नाही, मूळ कसं उगाळायचं ते.”

“अगं बये, पाचवीच्या आदल्या दिवशीच मी भिवंडीला गेलेलो! भात आणायला. वखारीत कुणालाही विचार.”

आवडाबाईने वखारीत विचारलं. खरं होतं. मग तिने मूळ उगाळून लावलं. शेट वाचले. बोटं तेवढी वाकडी राहिली.

त्या घरी ती पुन्हा गेली नाही. गंगुबाई आता देवळात तिला पाहिलं की वाट बदलते. आवडाबाई मुद्दाम तिच्याच वाटेला जाते, आडवी उभी राहते आणि चारचौघींत विचारते, “वहिनी, शेट घरी नव्हते. मग त्या दिवशी दारामागे कोण होतं?”