आबाची दुनळी अन् बैलजोडी

एखादी वस्तू घरात नुसती पडून असते तोवर तिचं काही नसतं. विकायला काढली, की रस्ताभर किस्से चिकटत जातात! आमच्या आबाची, म्हणजे माझ्या आज्याची, दुनळी बंदूक आम्ही विकली, त्या एका हंगामाचे किस्से मी आजवर सांगतोच आहे.

आबा एलिचपूरच्या फौजेत शिपाई होता. ही ठासणीची दुनळी त्यानं तिथूनच आणलेली. तो गेल्यावर ती अकोटच्या आमच्या घरात खुंटीला टांगलेली असे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली अन् इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. नेमका तेव्हाच आमचा एक बैल मेला, दुसरा लंगडा झाला. रेल्वे अजून आली नव्हती. सगळ्या मुलखाचे बैल अमरावतीच्या रस्त्यावर! पैसा मोजूनही जोडी मिळेना. कापूस घरात, भाव बाहेर.

बाप म्हणाला, "बंदूक का गाडी वढते? बैलजोडी देईन त्याले देऊन टाकू."

*

बापाबरोबर मी अमरावतीला गेलो. कापसाचा बाजार पाहून तोंडाचा आ मिटेना. नजर पोचेल तिथवर गाड्या, जमीन पांढरी, माणसांच्या मिशाही पांढऱ्या! आत शिरायला वाट नव्हती. पण बापाच्या खांद्यावरची दुनळी दिसली अन् गर्दी आपोआप दुभंगली. आमच्या मागोमाग गाड्यांची रांगच आत घुसली.

दुनळी विकायची आहे हे कळताच एक गाडीवान ओरडला, "काका, इकता कायले? भाड्यानं द्या ना!"

*

पहिलं गिऱ्हाईक मुंबईच्या एका कंपनीचा गोरा एजंट. त्यानं नळीत डोकावून पाहिलं, बोट घातलं, तर आतून कापूस निघाला! गांधीलमाशा घर करतात म्हणून माझ्या आत्यानं दोन्ही नळ्यांत कापूस कोंबला होता.

साहेबानं तो तंतू दोन्ही हातांनी ताणून पाहिला. पुन्हा ताणला. बंदूक विसरलाच!

"ये कपास कितना है?"

"घर भरून हाये, सायेब," बाप म्हणाला, "पन आनू कशावर?"

साहेबानं कपाळाला हात लावला. गाड्या त्यालाही मिळत नव्हत्या.

*

अकोल्याच्या एका शेठजींना दुनळी पोराच्या वरातीत मिरवायला हवी होती.

"वाजली नाही तरी चालते, दिसली पायजे! तुमाले बैलजोडीच पायजे ना?"

अन् त्यांनी आतून जोडी आणली. पोळ्याला पुजायचे, चांदीचे बैल!

बापानं हात जोडले. "शेठजी, हे वखर वढतीन का?"

*

शेवटी अकोटच्याच बाजारात तूप विकायला आलेला मेळघाटातला सोमा गवळी भेटला. धारणीपलीकडे त्याचा गुरांचा वाडा, भोवती जंगल. वाघ एकेक जनावर उचलत होता. "दुनळी द्या, जोडी घ्या," एवढंच बोलला. जोडी आणायला आम्ही त्याच्याबरोबर गेलो.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता, गुरं नाल्यावर पाणी पीत होती. बापानं दारू ठासून बंदूक सोमाच्या हाती दिली, अन् समोरच्या सागांतून वाघ बाहेर आला.

मी आयुष्यात पहिल्यांदा वाघ पाहिला. काय सांगू! भीती नंतर वाटली. आधी वाटलं, एवढं देखणं जनावर असतं?

सोमानं नेम धरला. खट्! दुसरी नळी. खट्!

काही नाही.

सोमानं बंदूक खाली घेतली नाही. पापणीही हलवली नाही. वाघ त्याच्याकडे पाहत, तो वाघाकडे. गाईंच्या घंटासुद्धा थांबल्या होत्या. मग वाघानं सावकाश तोंड फिरवलं अन् आला तसा सागांत गेला.

 बाप म्हणाला, "सोमाभाऊ, सौदा खोटा झाला. बंदूक वापस द्या, बैल तुमचे तुमी ठेवा."

सोमा त्याच्याकडे पाहतच राहिला. "काहून? वाघ गेला ना? मंग चालली की बंदूक!" अन् जोडीची दोरी त्यानं बापाच्या हातात दिली.

पुढं कितीतरी वर्षं तो तूप घेऊन अकोटला येत होता. बाप दरवेळी विचारायचा, "वाघ?"

"नाई आला."

"अन् बंदूक? वाजली का कधी?"

"नाई."