तुजा तळ नाय, देवा

बोईसरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत मी सोळा वर्षं गाणी पुढे उभी राहून म्हटली. काही भक्तिगीतं मी स्वतः रचलेली. आवाज बरा होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमानही होता. मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे, आवाज जाऊ शकतो. पालघरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबूज.

मी शिक्षिका; शाळेत फळ्यावर लिहून आणि घंटी वाजवून मी भागवून नेलं. रविवारी मात्र कठीण जायचं. मी मागच्या रांगेत, पंख्याखाली बसू लागले. सगळे गायला उठले की मीही उठायचे आणि ओठ हलवायचे. देवाची स्तुती माझ्या गळ्यातच होती आणि गळाच गेला, असं मनात यायचं.

माझ्या शेजारी एक मावशी बसायच्या. पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून यायच्या, आठवडाभर औद्योगिक वसाहतीतल्या एका कॅन्टीनमध्ये भांडी घासायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पडद्यावर गाण्याचे शब्द यायचे, त्यांचा काही उपयोग नव्हता. तरी त्या गायच्या, सुरात नाही आणि अर्धे शब्द गाळून, पण खणखणीत.

एका रविवारी त्यांनी मला कोपर मारलं. "बाई, तुमी वाचता ना? मग मला पुढचं सांगा की. मी म्हणतं."

मी त्यांच्या कानाशी वाकून ओळ कुजबुजले. त्यांनी ती मोठ्याने म्हटली. पुढची ओळ. तीही म्हटली. त्या दिवशी माझंच एक गीत चालू होतं. मी सांगितलं, "तुझा महिमा अथांग, प्रभू."

त्या थांबल्या. "अथांग म्हंजे?"

"ज्याचा तळ लागत नाही ते."

"मग तसंच म्हणाचं ना," असं म्हणून त्यांनी तोंड वर केलं आणि त्या गायल्या, "तुजा तळ नाय, देवा, तुजा तळ नाय."

नेमके तेव्हा बाकीचे श्वास घ्यायला थांबले होते. सगळ्या सभागृहात ते ऐकू गेलं. पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली. मी शरमेने लाल झाले असणार. पण पेटीवर बसलेल्या आमच्या पाळकसाहेबांनी वाजवणं थांबवलं नाही. त्यांनी तीच ओळ उचलली, मग सगळ्यांनी उचलली. कारखान्यातली हिंदी बोलणारी पोरंसुद्धा 'तळ नाय' म्हणत टाळ्या वाजवू लागली. मी तो 'अथांग' शब्द शोधायला दोन दिवस घालवले होते, आणि मावशींनी उभ्या उभ्या त्याहून सरस ओळ दिली होती. मला हसू फुटलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी अशी पोट धरून हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

त्या नाताळात मावशींनी सगळ्यांना पाड्यावर बोलावलं. अंगणात ताडपत्री अंथरली होती, पडदा नव्हता. पाळकसाहेबांनी विचारलं, "गाणी कोण सांगणार?" मावशी म्हणाल्या, "बाई सांगतील, मी वरडीन."

आणि तसंच झालं. मी त्यांच्या कानात कुजबुजायचे, त्या अंगणभर ओरडायच्या, आणि पाड्यावरच्या बायका, म्हातारी माणसं, लेकरं ती ओळ पुन्हा म्हणायची. माझ्या ओळी एवढ्या मोठ्या आवाजात मी कधीच ऐकल्या नव्हत्या. प्रभूला माझ्या गळ्याची गरज कधी नव्हतीच, हे मला तिथे उन्हात उभं राहून कळलं, आणि त्याचं दुःख न होता उलट अंग हलकं झालं.

आता डॉक्टर म्हणतात, याहून सुधारणा होणार नाही. ठीक आहे. दर रविवारी आम्ही दोघी पुढे उभ्या राहतो. मावशी अजूनही बेसूर गातात. परवा मी त्यांना सुराचं काही सुचवायला गेले, तर म्हणाल्या, "बाई, तुमी सबूद सांगा. बाकी देव बगून घेल."