नियाज पिंजाऱ्यानं शिवलेली चड्डी

विट्याचा नियाज पिंजारी माझा शेजारी. गाद्या भरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण डोक्यात एकच: मऊ म्हणजे चांगलं. मी जन्मभर पोती वाहिली. मला या मऊपणाची किळस येते.

त्याची पोरगी समीना सायकलच्या शर्यतीत उतरायची. साताऱ्याला निवड चाचणी होती. निवड झाली तर खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. तिला सायकलची गादीवाली चड्डी हवी होती. नियाजनं ती घरीच शिवली. आत दोन बोटं जाड कापूस.

पोरगी रोज ती घालून मायणीच्या रस्त्याला सरावाला जायची. कापूस घामानं भिजून त्याचे गोळे व्हायचे. आत घातलेल्या निकरची शिवण मांडीत रुतायची. फोड आले, पिकले. चड्डी वाळत घातली की आमच्या ओट्यापर्यंत कुबट वास यायचा. नियाजच्या बायकोनं, रहिमतबीनं, फोड पाहिले होते. असल्या जागेचं नवऱ्याला सांगायचं कसं? ती एवढंच म्हणाली, "पोरीला टोचतंय." यानं आणखी कापूस भरला!

शेवटी मी ओरडलो, "आरं गड्या, पोरीला बसवंना झालंय. तुझ्या मापाची तसलीच शिव आन जा मायणीला."

"या वयात, अण्णा?"

"का? पोरगी जाती की."

ईर्षेनं त्यानं तसलीच शिवली, वर विजार चढवली आणि गेला. परतला तो सायकल हातात धरून, पाय फाकवून. विजारीला रक्त. म्हणाला, "लय घाण हाय वो."

मग समीनाला घेऊन आम्ही सांगलीच्या सायकलच्या दुकानात गेलो. नियाज एकेक चड्डीची गादी अंगठ्यानं दाबत होता. फुगीर, लगेच दबणाऱ्या त्यानं बाजूला सारल्या. पातळ, घट्ट, मधे शिवण नसलेली ठेवली. दुकानातली सोनिया समीनाला म्हणाली, "आत काय घालायचं न्हाई बरं का. अंगालाच बसली पायजे." नियाज छताकडं बघत राहिला.

चड्डी बरोबर निघाली. पण फोड बरे व्हायला दिवस उरले नव्हते. साताऱ्यात चढाला एक फुटला. समीनानं उरलेली शर्यत उभ्यानं पायडल मारत पुरी केली. निवड झाली नाही.

मीही सोबत गेलो होतो. परतताना एसटीत आम्ही दोघं बसलो, ती दांडा धरून उभीच होती. नियाज म्हणाला, "कापूस एक नंबरचा व्हता गं."

"अम्मीनं सांगितलं व्हतं ना, टोचतंय म्हणून? कुठं, ते का न्हाई इचारलं?"

"कसं इचारू, बेटा?"

"शिवली तवा न्हाई लाज वाटली?"

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. नियाजकडं बघवत नव्हतं.