बोळाची भिंत

मिरजेच्या जैतुनबी मणेरणीचे गुडघे चाळिशीतच कुरकुरायला लागले होते. तिचं घर बाजाराच्या अंगाला आणि हक्काचं गिऱ्हाईक घरामागच्या बोळात. पण मधे आडवी भिंत. बोळाला तोंड एकच, तेही पार मशिदीकडून. भिंतीपलीकडच्या बाईची हाक घरात ऐकू यायची. तिच्याकडं जायचं तर बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन अर्धं गाव पालथं घालावं लागायचं.

बोळ मात्र मोठा मायाळू. तिथलं एकही दार दुसऱ्या दारासमोर नव्हतं. नवं दार पाडायचं तर आधी समोरच्या घराला विचारायचं, ही रीत. मुसलमानांनी पाळली तशी जैनांनीही. घरचा पुरुषसुद्धा बोळाच्या तोंडाशी खाकरल्याशिवाय आत वळायचा नाही. मग बोळातल्या लिंबाखाली बायांचंच राज्य. डोक्यावरचे पदर खुशाल खांद्यावर उतरायचे, जैनांच्या गुणमालाकाकू पापड वाळत घालायच्या आणि जैतुनबी लख्ख उजेडात एकेकीचा हात चोपून, मऊ करून बांगड्या भरायची. नव्या नवरीच्या हातात तिची बांगडी कधी वाढली नाही, याचा तिला फार तोरा होता. फुटली असं म्हणायचं नसतं.

पासष्ट साली गावाचा नवा आराखडा करायला पुण्याहून एक तरुण साहेब आला. बोलायला गोड. लिंबाखाली उभा राहून म्हणाला, "हे मुसलमानी धाटणीचं शहर. मशीद, बाजार आणि आंधळे बोळ. आमच्या पुस्तकात अगदी असंच दिलंय. आता रस्ते सरळ हवेत, हवा खेळती हवी."

"आवं सायेब, बोळ काय नमाज पडतो व्हय?" जैतुनबी म्हणाली. "ह्या काकूंचं घर बी हितंच हाय की."

साहेब हसला. "मग भिंत पाडू नको म्हणता?"

जैतुनबीनं एकदा टोपलीकडं पाहिलं, एकदा गुडघ्यांकडं.

"पाडा की. माजे पाय तरी वाचतील."

गुणमालाकाकू वाळत घातलेले पापड उचलायला लागल्या.

भिंत गेली. रस्ता रुंद करायचा म्हणून लिंबही गेला. सायकली आल्या, पाठोपाठ मालट्रक आले. दारं लागली, खिडक्यांना पडदे आले. खाकरणार कोण आणि कुणासाठी?

दोन वर्षांनी काकूंच्या चंदनबालाचं लग्न ठरलं. चुडा भरायला जैतुनबीच हवी, असा पोरीचा हट्ट. जैतुनबी चार पावलांत पोचली. आतल्या खोलीत, कडी लावून, अंधारातच बसावं लागलं. पोरीचा हात तिनं चोपला, हिरवी बांगडी चढवली, आणि हाडापाशी ती कट्‌कन गेली. मनगटावर रक्ताचा थेंब आला.

"वाढली गं," जैतुनबी कशीबशी म्हणाली.

"असू दे. उजेडात बसू या की," काकू सवयीनं बोलून गेल्या आणि कडीला हात लावून थबकल्या. बाहेरून मालट्रक गेला. भांडी थरथरली.

"काकू, भिंत पाडा म्हणाले मी."

"तू न्हाई म्हणाली असतीस तरी पाडलीच असती त्यांनी."

"व्हय. पर मी व्हय म्हणाले."

चुडा भरून ती निघाली. पूर्वी बोळातून परतताना दारोदारी थांबावं लागायचं, कुणी पाणी द्यायचं, कुणी गाऱ्हाणं सांगायचं, घरी पोचेतो दिवस कलायचा. आज कुणी हाक मारली नाही. गुडघे दुखायच्या आतच घर आलं, आणि उंबऱ्यावर बसून ती रडली.