मागं जाऊन येते

"थांब रं, मागं जाऊन येते," असं म्हणत ती अर्ध्या बोलण्यात पाठ फिरवायची. शिळफाट्यावर माझ्या लाउडस्पीकरच्या दुकानाशेजारी ती सुके बोंबील विकायची. काही विसरली की डोकं खाजवत बसायची नाही. विसरायच्या आधी जिथं उभी होती, तिथं जाऊन उभी राहायची. "इसरलेलं तितंच पडलेलं असतं रं. आपनच पुढं येतो." एकदा म्हणे मागं जाता जाता कर्जतला पोचली. मी पेट्रोल पंपापर्यंत जाताना पाहिली. पुढचं तुम्ही ठरवा.

शिवाय पदराच्या गाठी. मिठाची एक, सुनेच्या औषधाची एक. तो पदर जाळ्यासारखा पाताळगंगेत टाकला असता, तर घरापुरती कोलंबी सहज लागली असती.

"काकू, ही गाठ कशाची गं?"

"मारली चुलीपाशी. आता चुलीला इचारायला लागंल."

नवरा मात्र गाठींच्या पलीकडे गेला होता. आधी चष्मा विसरला, मग घर. ती त्याला हाताला धरूनच हिंडवायची.

खालापूरकडच्या एका जत्रेत माझा माइक होता. भर दुपारी ती धापा टाकत मांडवात शिरली. "आमचं मानूस हरवलं रं!"

"नाव सांग, पुकारतो."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. लग्नापासून सगळा संसार 'अवो'वर चाललेला.

"काकू, लाजतेस काय? पलीकडं हायवे आहे!"

"लाज नाय रं मुडद्या, नावच येत नाय!"

पदराच्या गाठी ती एकेक चाचपत होती. त्यातली एकही नवऱ्याची नव्हती. मग म्हणाली, "थांब, मागं जाऊन येते."

या वेळी जागची हलली नाही. पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, नवरीसारखी मान खाली घातली आणि पुटपुटली,

"पेज नदीच्या काठाला डुलती हिरवी साळी,
बाळारामरावांचं नाव घेते वरातीच्या वेळी."

माइक चालू होता. चुकून, असं मी तिला शेवटपर्यंत सांगत राहिलो. आकाशपाळणे थबकले, गाभाऱ्यातल्या देवानंही कान टवकारले असणार. कुणाच्या हाकेला न वळणारा म्हातारा मात्र वळला. रस्त्याकडेची पेरूवाली सांगत होती, हायवेवर टाकलेलं पाऊल त्यानं उचलून मागं घेतलं. तो सरळ मांडवात आला.

"नवरी कुठं हाय?"

"अवो, ही काय, तुमच्यासमोर म्हातारी झाली."

मागल्या वर्षी ती गेली. बोंबलाच्या टोपलीमागं आता सून बसते आणि शेजारी म्हातारा. जुनं गिऱ्हाईक विचारतं, "काकू दिसत नाहीत?" सून बोंबील निवडत राहते. म्हातारा पेट्रोल पंपाकडच्या रस्त्यावरून नजर न काढता सांगतो,

"मागं गेली हाय. काय तरी इसरली असंल."