पांढऱ्या रंगात शिसं होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मेधापाशी, म्हणजे माझ्या बायकोपाशी, तर नाहीच नाही. खरं तर पहिल्यांदा तिलाच सांगायला हवं होतं — आणि तिलाच सांगता येत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही ऐकाल, माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटून घ्याल, आणि उद्या माझ्या ताटात वाढायला तुम्ही नसाल.

मी कतारमध्ये कोटिंग इन्स्पेक्टर होतो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी दोह्यात स्टेडियम उभी राहत होती, त्यातल्या एकावर. लोखंडाला लावलेला रंग नीट बसलाय का, थर पुरे आहेत का, हे बघायचं आणि नसले तर रिजेक्ट करायचं. कंत्राटदार म्हणाला तीन थर दिलेत, की मी दोनच धरून चालायचो. एखादा सुपरवायझर फारच प्रेमाने चहा पुढे करायला लागला, तर चहा तसाच ठेवून आधी त्याचं कालचं काम बघून यायचो. संशय घ्यायचाच मला पगार होता. आणि खोटं कशाला बोलू, तो घ्यायला मला आवडायचं.

खोटं कशाला बोलू — बघा, किती सहज येतं हे तोंडात.

तिथे माझी आणि मिस्टर हॅरल्डची गाठ पडली. (तिकडे सगळेच असं मिस्टर लावून पहिलं नाव घेतात, मलाही मिस्टर सुधीर म्हणायचे.) हा कॅनडाचा म्हातारा, स्टेडियम थंड ठेवायच्या यंत्रणेचा सल्लागार. त्याच्या पाइपांचा एक अख्खा लॉट मी परत पाठवला होता, आणि सगळे माझ्यामागे लागले होते — सही कर, खलास, वेळ नाहीये. हा एकटा म्हणाला, हा माणूस बरोबर बोलतोय. आणि पुढच्या शुक्रवारी घरी जेवायला बोलावलं. बायकोलाही आण म्हणाला.

मला आधी तोच संशय आला. एवढा मोठा साहेब मला घरी कशाला बोलावतोय? कुठल्या कागदावर सही हवी आहे याला? मेधा म्हणाली, "अहो, एकटा आहे तो. बायको गेलीये त्याची. जेवायला सोबत हवी असेल." मी म्हटलं, बघू.

आम्ही राहायचो फरीज बिन ओमरानला, वाण्याच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये. त्याचा व्हिला अल गराफाला. अंतर काही फार नाही, पण त्या वर्षांत गेल्या शुक्रवारचा रस्ता या शुक्रवारी असेलच याची खात्री नसायची. सगळीकडे खणलेलं, सगळीकडे डायव्हर्जन. वाटेत मी मेधाला बजावलं — जास्त बोलू नकोस.

त्याला खरंच सही नको होती. त्याला चित्रं दाखवायची होती.

लहान लहान चित्रं, शाळेच्या पाटीएवढी, लाकडी फळीवर तैलरंगात काढलेली. शंभरएक वर्षांपूर्वी कॅनडातले चित्रकार रंगांची पेटी घेऊन जंगलात जायचे, होडीतून, बर्फातून, आणि जागेवर बसून एका बैठकीत असं एक चित्र करायचे. तळी, खडक, वाऱ्याने वाकलेले पाइन. हॅरल्डने ही आयुष्यभर एकेक करून जमवली होती. त्याच्यासारखेच आणखी दोन-तीन शौकीन दोह्यात होते, ते यायचे कधी कधी. आणि एक गंमत सांगतो. हे लोक चित्र हातात घेतलं की आधी उलटं करायचे. पाठ बघायचे. लाकूड कुठलं, कोपऱ्यात टाचणीची भोकं आहेत का, कुणाचं अक्षर आहे, कुठल्या दुकानाची चिठ्ठी. पुढची बाजू सगळ्यात शेवटी. मला एकदम माझ्या बिरादरीत आल्यासारखं वाटलं.

त्यातलं एक मात्र त्याने विकत घेतलेलं नव्हतं. राखाडी तळं, कडेला मऊ पडलेला बर्फ, आणि मधोमध नारिंगी रंगाचा एकच फटकारा — ऊन म्हणा, पेटलेलं झुडूप म्हणा. हॅरल्डचे आजोबा लाकूडतोड्यांच्या छावणीत आचारी होते. एक चित्रकार वादळात अडकून त्यांच्याकडे राहिला, त्यांच्या हातचं जेवला, आणि जाताना हे चित्र देऊन गेला. आजोबांनी ते मुलाला दिलं, मुलाने हॅरल्डला. एवढीच गोष्ट. कागद नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. बाकीचे शौकीन त्या चित्रापाशी आले की नुसतं "छान" म्हणून पुढे सरकायचे. ते "छान" कसलं असतं हे मला चांगलं कळत होतं. हॅरल्डलाही कळत होतं, आणि त्याला ते लागायचं.

मेधाला ते चित्र फार आवडायचं. ती दर वेळी थालीपिठं घेऊन जायची, निळ्या काठाच्या कापडी पिशवीत. हॅरल्ड त्यांच्यावर त्याच्या गावचा गोड पाक ओतून खायचा, आणि ती दुसरीकडे बघायची. मला म्हणायची, कुणाचं काय तर कुणाचं काय.

आता त्या शुक्रवारबद्दल सांगतो. टाळतोय मघापासून.

त्या दिवशी त्याच्याकडे एसीची माणसं येऊन गेली होती, त्यामुळे चित्रं भिंतीवरून उतरवून सोफ्यावर, कपाटावर अशी ठेवलेली. जेवलो, बोललो, निघालो. दारात पायात चपला घालताना हॅरल्ड मागून आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, ते आजोबांचं चित्र दिसत नाहीये. आम्ही परत आत गेलो, शोधलं. नव्हतं. आणि मग त्याची नजर मेधाच्या पिशवीवर गेली. तिथेच थांबली. अगदी हळू आवाजात म्हणाला, "कदाचित चुकून... डब्यांबरोबर?"

मेधा खाली बसली आणि पिशवी फरशीवर पालथी केली. डबा, नॅपकिन, लोणच्याची बाटली, घराची किल्ली. बस.

तिचे कान लाल झाले होते. मी काय केलं? मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम, मिस्टर हॅरल्ड, नो प्रॉब्लेम." हसलोसुद्धा. तो माझ्यापेक्षा केवढा वरचा माणूस, आणि माझा व्हिसा, माझी नोकरी — पण हे सगळं मी नंतर स्वतःला समजावलेलं आहे. त्या क्षणी मी नुसता घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. सोफ्याच्या मागे घसरलं होतं म्हणे. फार फार माफी मागितली. खजुराचा मोठा डबा पाठवला. मेधाने त्याच संध्याकाळी त्यातले दोन खाल्ले आणि म्हणाली, "म्हातारा माणूस आहे, घाबरला असेल. त्याच्या आजोबांचं होतं ना ते." तिच्यासाठी विषय संपला. मी त्या डब्याला हात लावला नाही. मी डूख धरला. ज्याचा संशय घ्यायचा धंदा, त्याच्याच घरच्या बाईवर संशय — आणि मी हसलो — हे माझ्या घशाखाली उतरेना.

शुक्रवार मात्र चालू राहिले. मी जायचो, जेवायचो, हसायचो.

मग वर्ल्ड कपचं वर्ष आलं. कॅनडाचा संघही येणार होता, त्यामुळे तिथली कॅनडाची मंडळी खुशीत होती. त्यांनी आपापसांत एक छोटं चित्रप्रदर्शन ठरवलं. हॅरल्डला आजोबांचं चित्र ठेवायचं होतं. एकाने विचारलं, पुरावा काय?

हॅरल्डने मला विचारलं, तुझ्या त्या मशीनने काही कळेल का? साइटवर आमच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. पृष्ठभागाला टेकवलं की आत कुठले धातू आहेत ते पडद्यावर दाखवतं. मीच त्याला एकदा शहाणपणाने सांगितलं होतं — जुना पांढरा रंग शिशाचा किंवा जस्ताचा असायचा, टायटॅनियमचा पांढरा बाजारात नंतर आला. बर्फात टायटॅनियम निघालं, तर चित्र त्या काळातलं नाही. ते यंत्र साइटबाहेर न्यायला सक्त मनाई होती. मी नेलं. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवणारा मी — का नेलं? मदत करायला? तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं. शप्पथ घेत नाही.

चित्र टेबलावर ठेवलं. हॅरल्ड खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ऑपरेशनच्या खोलीबाहेर माणसं उभी राहतात, तसा. मेधा स्वयंपाकघरात थालीपिठं गरम करत होती, वास येत होता. मी बर्फाच्या जाड थरावर यंत्र टेकवलं.

शिसं. थोडं जस्त.

दुसरीकडे टेकवलं. शिसं. नारिंगी फटकाऱ्याशेजारचा पांढरा ठिपका — शिसंच. टायटॅनियम कुठेच नाही. म्हणजे आजोबांच्या गोष्टीला खोटं ठरवणारं त्या फळीवर काहीच नव्हतं. मला बरं वाटलं — हेही सांगतो, क्षणभर मला खरंच आनंद झाला.

तो न वळताच म्हणाला, "वेल?"

आणि मला फरशीवर पालथी पडलेली ती पिशवी दिसली.

मी म्हणालो, "टायटॅनियम."

एवढंच. जीभ उचलून टाळ्याला लावली, की झालं. तो वळला. म्हणाला, नक्की? तेव्हा परत फिरता आलं असतं. "थांबा, पुन्हा बघतो" एवढं म्हणायचं होतं. मी पडदा बंद केला आणि म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही, मिस्टर हॅरल्ड."

मला काय हवं होतं? त्याचा चेहरा मेधाच्या कानांसारखा व्हावा, एवढंच. तो तसा झाला नाही. तो खुर्चीत बसला आणि त्याच्या वडिलांबद्दल बोलायला लागला. वडिलांनी आणखी काय काय सांगितलं होतं, एकेक आठवून. आजोबांची छावणी. नदीत बुडालेला काका. वडील लढाईत जखमी झाले ती हकीकत. तेही खोटं असेल का, म्हणाला. मलाच विचारत होता. मेधा ताट घेऊन आली, तर त्याने ते बाजूला सारलं. त्याने ताट बाजूला सारलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चित्र प्रदर्शनात गेलं नाही. बाकीच्या शौकिनांनी म्हणे मान डोलावली — आम्हाला शंका होतीच. आणि हॅरल्ड मला म्हणाला, इथे तू एकटाच सरळ माणूस आहेस. बाकीचे तोंडावर छान म्हणत होते. पुढचे कित्येक शुक्रवार तो हे कुणाकुणाला सांगत होता. मी ऐकत होतो.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच त्याचं काम संपलं. व्हिलात खोकी भरली जात होती. शेवटच्या शुक्रवारी त्याने ते चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून मेधापुढे धरलं. म्हणाला, "जो जेवू घालतो त्याला हे द्यायचं, अशी याची गोष्ट आहे. आजोबांची खोटी निघाली. ही तरी खरी होऊ दे."

मेधा रडायला लागली. मग डोळे पुसले, आणि चित्र ठेवलं — कशात ठेवणार? निळ्या काठाच्या पिशवीत, डब्याशेजारी. आम्ही त्याच दारातून बाहेर पडलो. मी चपला घातल्या.

तुम्हाला शंका येणारच. येऊ दे. मी तुमच्या जागी असतो, तर पहिली हीच घेतली असती — याने चित्र हडप करायलाच सगळं केलं. तसं नव्हतं, असं मी म्हणतो. पण मी म्हणतो म्हणून? आणि दुसरी एक शंका माझीच आहे. त्याला कळलं होतं का? काचेत माझा चेहरा दिसला होता का त्याला, त्या खिडकीच्या? ही एक शंका अजून जात नाही.

आता आम्ही नाशिकला असतो. चित्र हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या वर. आलेल्या प्रत्येकाला मेधा गोष्ट सांगते, आणि शेवटी हसून म्हणते, "चित्र नकली आहे हो, पण माणूस अस्सल होता." मी तेव्हा पाणी आणायला आत जातो.

गेल्या दिवाळीत हॅरल्डचा व्हिडिओ कॉल आला. फार थकलाय. चित्र बघू दे म्हणाला. मेधाचे हात पिठाचे होते, म्हणून फोन मी धरला, चित्रासमोर. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, वडिलांवरचा राग गेला नाही अजून, पण खरं कळलं ते बरं झालं. तुझ्यामुळे कळलं. थँक यू, मिस्टर सुधीर.

माझा चेहरा दिसू नये म्हणून मी फोन चित्रावरच रोखून धरला होता. मी म्हणालो, "वेलकम, मिस्टर हॅरल्ड."